सॅडल स्टेचे नट आवळूनही पुन्हा सैल होतात: कारण नेमकं कुठे शोधायचं

तक्रार ठरलेली असते. मोटरसायकलला बाजूच्या बॅगा लावायचे लोखंडी सांगाडे, म्हणजे स्टे, बसवले, पहिले दोनशे किलोमीटर सगळं ठीक. मग मागून बारीक खडखड सुरू होते. पाना लावून पाहिलं तर एक नट बोटाने फिरतो. आवळला की आठवडाभर शांतता, पुन्हा तेच. मग स्प्रिंग वॉशर, मग डबल नट, मग लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद). शेवटी एखाद्या घाटात बोल्ट तुटतो आणि बॅग सुतळीने बांधून घरी यावं लागतं.

इथे मागे दोन शॉक ॲब्सॉर्बर (शॉक) असलेल्या, रॉयल एनफील्डच्या बुलेट-क्लासिकसारख्या गाड्या समोर ठेवल्या आहेत. अशा गाड्यांना बाजारात मिळणारा स्टे बहुधा तीन ठिकाणी धरतो: मागच्या शॉकच्या वरच्या स्टडवर (बाहेर आलेल्या आटेदार दांड्यावर), मडगार्डच्या किंवा इंडिकेटरजवळच्या बोल्टवर, आणि खाली फुटरेस्ट-सायलेन्सरच्या पट्टीवर. एक शॉक असलेल्या गाडीत जागा बदलतात, दुखणं तेच राहतं.

पुन्हा पुन्हा सैल होणारा नट कमी आवळला जातो म्हणून सैल होतो असं क्वचितच असतं. त्याच्याखाली जे आहे ते नीट बसलेलं नसतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी नेलपॉलिश घ्या.

नेलपॉलिशची रेघ

सगळे नट एकदा योग्य जोराने आवळा. प्रत्येक नटावरून सुरू होऊन वॉशरवरून थेट स्टेच्या पट्टीपर्यंत जाणारी एक सरळ रेघ नेलपॉलिशने ओढा. बोल्टचं टोक नटाबाहेर दिसत असेल तर त्यावरूनही न्या. बॅगा भरून, नेहमीच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर जा आणि मग पाहा.

रेघ तुटली असेल, म्हणजे नटावरचा तुकडा सरकला असेल, तर नट खरोखर फिरतो आहे. रेघ जशीच्या तशी आहे पण पाना लावल्यावर नट सहज हलतो, तर नट फिरलेलाच नाही, त्याखालचं काहीतरी दबलं आहे. रेघ शाबूत आणि नटही घट्ट, तरी खडखड आहे, तर आवाज दुसरीकडून येतो. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. रेघ न पाहता लॉकटाइट ओतणं म्हणजे ताप न मोजता गोळी घेणं.

रेघ शाबूत, तरी नट सैल: दोष बहुतेक रंगाचा

बाजारातल्या स्टेवर पावडर कोटिंग असतं, जाडी साधारण ६० ते १०० मायक्रॉन. म्हणजे ०.०६ ते ०.१ मिमी. दिसायला काहीच नाही. पण ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा आकडा) एम ८, म्हणजे ८ मिमी जाडीचा, बोल्ट २५ न्यूटन-मीटर जोराने आवळला की तो सुमारे दीड टनाच्या ताणाखाली येतो, आणि पकडीची लांबी (डोक्यापासून नटापर्यंतचं अंतर) २० मिमी असेल तर लांबीने वाढतो जेमतेम ०.०४ मिमी. सगळी पकड या ताणात असते. बोल्ट म्हणजे कडक स्प्रिंगच. आता वॉशरखालचा रंग दाबाने आणि सायलेन्सरच्या उबेने ०.०४ मिमी दबला की ताण संपला. नट एक अंशही न फिरता सांधा सैल होतो.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना रंग असतो हेही लक्षात घ्या. स्टेची एक बाजू, मडगार्डच्या पट्टीची एक बाजू, शिवाय मध्ये चार-पाच वॉशर रचलेले असले तर दबायला तेवढ्या जागा. फट भरायला वॉशरची चळत लावणं ही गॅरेजमधली सगळ्यात महागात पडणारी सवय आहे. सहा वॉशर म्हणजे सात सांधे, आणि प्रत्येक सांधा थोडा थोडा बसतो.

उपाय:

भोकाभोवती वॉशर जेवढा टेकतो तेवढाच रंग कानशीने आणि मग १२० च्या पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत काढा. दोन्ही बाजूंनी. उघड्या धातूवर प्रायमरचा पातळ हात किंवा ग्रीसचा पुसट थर पुरतो, सांधा आवळल्यावर कडेने ब्रशने रंग लावा. कोकणात किंवा पावसाळ्यात ताम्हिणीकडे गाडी जाणार असेल तर हा कडेचा रंग टाळू नका, महिन्यात गंज येतो.

वॉशरच्या चळतीऐवजी जाड भिंतीच्या पाइपचा एकच स्पेसर कापून घ्या. भिंत किमान ३ मिमी, दोन्ही तोंडं काटकोनात. लेथवर तोंड मारून घेतलं तर उत्तम, हाताने कापलं तर काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर घासून सपाट करा. स्पेसरमुळे बोल्ट लांब लागतो आणि तेच आपल्याला हवं आहे: पकड ४० मिमीची झाली की त्याच जोरात बोल्ट ०.०८ मिमी ताणतो, म्हणजे थोडं दबलं तरी पकड शिल्लक राहते. आखूड बोल्टपेक्षा लांब बोल्ट जास्त टिकतो, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

वॉशर कडक आणि रुंद हवा. पत्र्याचा पातळ वॉशर वाटीसारखा वाकतो आणि तोही दबण्यात मोजायचा.

रेघ तुटली: स्टे सरकतो आहे

नट आपोआप फिरतो तो बोल्टच्या लांबीच्या दिशेने ओढ बसल्याने नव्हे, तर आडव्या दिशेने सांधा सरकल्याने. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली आडव्या कंपनाचं यंत्र बांधून हे दाखवून दिलं. सांधा केसभर जरी डावी-उजवीकडे सरकत राहिला तरी आट्यांमधलं घर्षण क्षणभर सुटतं आणि नट उलटा फिरत जातो. त्या चाचणीत साधा स्प्रिंग वॉशर काहीही वाचवत नाही. तरी आपल्याकडे प्रत्येक किटमध्ये तो येतोच. घातलात तर बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

सरकण्याचा पुरावा डोळ्यांना दिसतो. वॉशरच्या कडेला लालसर तपकिरी भुकटी जमलेली असेल तर तिथे धातूवर धातू घासतो आहे. खात्री करायची तर सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडा आणि कुणाला तरी बॅगेचं खालचं टोक धरून हलवायला सांगा. थेंबात बारीक बुडबुडे आले, तेल आत-बाहेर झालं, की सांधा हलतो. हाताने हललेलं कळत नाही तेही तेल दाखवतं.

का सरकतो? हिशोब करा. दहा किलोची बॅग, तिचं वजन पट्टीपासून २० सेंटीमीटर बाहेर. उभ्या गाडीतच बोल्टांवर सुमारे २० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. न दिसलेल्या स्पीडब्रेकरवर तो सहज तिप्पट होतो. डावा स्टे आणि उजवा स्टे एकमेकांना जोडलेले नसतील तर प्रत्येक जण एकटा हा पीळ सोसतो आणि पंख्यासारखा आत-बाहेर होतो.

म्हणून पहिला उपाय लॉकटाइट नाही, आडवी जोड. नंबरप्लेटच्या मागे, दोन्ही स्टेंना जोडणारा १६ किंवा १९ मिमीचा, २ मिमी भिंतीचा पाइप टाका. स्वस्त किटमध्ये हीच एक गोष्ट वगळलेली असते. पाइपचं टोक हातोड्याने चपटं करून भोक पाडू नका, चपट्या घडीवरच तडा जातो. २५ × ५ ची पट्टी टोकाला वेल्ड करून तिच्यात भोक घ्या. जोड बसवण्याआधी दोन जणांना गाडीवर बसवून जोरात दाबायला लावा आणि टायर किती वर येतो ते पाहा. शॉक पूर्ण दाबला तरी पाइप टायरपासून लांब राहिला पाहिजे, नाहीतर खड्ड्यात टायर घासेल.

दुसरं कारण स्टे ओढून बसवलेला असणं. वरची दोन भोकं जुळली, तिसरं पाच मिमी बाजूला राहिलं, आणि बोल्ट घालून पान्याने खेचून आणलं. तो स्टे आता कायम परत जायला बघतो आणि प्रत्येक धक्क्यात बोल्टला बाजूला ढकलतो. चाचणी सोपी आहे: खालचा बोल्ट काढा. स्टे टुणकन बाहेर आला तर तो ओढून बसवला आहे. मग भोक कानशीने लांबट करा, किंवा फटीच्या मापाचा स्पेसर द्या, किंवा पट्टी बाहेर काढून व्हाइसमध्ये वाकवून आणा. गाडीवर असताना हातोडा मारू नका, मडगार्डच्या पट्टीचं वेल्ड जातं.

हे दोन्ही झाल्यावर मग मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट. आटे पेट्रोलने नव्हे, थिनरने धुवा, पेट्रोल तेलकटपणा मागे ठेवतं. दोन थेंब पुरतात. पूर्ण घट्ट व्हायला २४ तास लागतात, रात्री लावून पहाटे ताम्हिणीकडे निघालात तर लावल्याचा अर्धाच उपयोग. लाल लॉकटाइट वापरू नका, पुढच्या वेळी बोल्ट गरम केल्याशिवाय निघणार नाही आणि शेजारी बॅग, वायरी, रबर असतं. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) लावणार असाल तर एकदा काढलेला पुन्हा वापरू नका, आणि सायलेन्सरला अगदी लागून असलेल्या बोल्टवर नायलॉक नकोच, त्यातलं नायलॉन सुमारे १२० अंशांपर्यंतच कामाचं.

शॉकच्या डोमनटची फसवणूक

या एका जागेवर वेगळं थांबावं लागतं, कारण इथली चूक महाग पडते. बऱ्याच गाड्यांत शॉकच्या वरच्या स्टडवर बंद तोंडाचा, गोल टोपीचा नट असतो. मूळ वॉशर काढून स्टेची पातळ पट्टी घातली की स्टड टोपीच्या आत तळाला टेकतो. पान्याला वाटतं नट आवळला, खरं म्हणजे तो फक्त स्टडला टेकला आहे आणि पट्टी मोकळीच आहे. असा नट कधीच टिकत नाही आणि कितीही जोर लावला तरी टिकणार नाही.

तपासणी: नट काढा, टोपीच्या आतली खोली जुन्या रिफिलने मोजा, स्टड पट्टीच्या बाहेर किती येतो ते मोजा. बाहेर आलेला स्टड खोलीपेक्षा किमान दीड-दोन मिमी कमी हवा. नसेल तर एक जाड वॉशर वाढवा किंवा साधा उघडा नट लावा.

उलटी चूकही होते. ५ मिमीची पट्टी, वर स्पेसर, आणि नटाला आटे उरतात तीन. नटाच्या पूर्ण जाडीत आटे भरलेच पाहिजेत, बाहेर एक-दोन दिसले पाहिजेत. तेवढा स्टड उरत नसेल तर त्या जागेवर स्टे लावायचाच नाही. तो स्टड शॉक धरतो आहे, बॅग नव्हे.

पट्टी टेकली पाहिजे ती शॉकच्या डोळ्यातल्या (स्टड जातो त्या गोल कडीतल्या) लोखंडी बुशवर, म्हणजे आतल्या नळीवर. रबरावर किंवा डोळ्याच्या कडेवर टेकली तर प्रत्येक खड्ड्यात डोळा फिरतो, पट्टी घासते आणि नट सुटतो. बुशपेक्षा लहान व्यासाचा वॉशर आत देऊन पट्टी डोळ्यापासून एक-दोन मिमी लांब ठेवा.

काम करताना गाडी मेन स्टँडवर, एका वेळी एकच बाजू सोडा. दोन्ही शॉक एकदम सोडले तर चाक खाली जाईल आणि परत जुळवायला जॅक लागेल. शेवटचा जोर मात्र चाकं जमिनीवर ठेवून, कुणाला तरी गाडीवर बसवून द्या, म्हणजे रबराला कायमचा पीळ राहत नाही. किती जोर, ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. खालचे आकडे या नटाला लावू नका.

किती आवळायचं

एम ८ ला २२ ते २५ न्यूटन-मीटर, एम ६ ला ९ ते १०, ८.८ ग्रेडच्या कोरड्या बोल्टसाठी. ॲल्युमिनियमच्या आट्यांत एम ८ ला १८ वर थांबा आणि आत किमान १२ मिमी आटे असू द्या. टॉर्क पाना नसेल तर बारा-तेराच्या पान्याला नटापासून १५ सेंटीमीटरवर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा अडकवा आणि काटकोनात ओढा. १६ ते १७ किलो दाखवला की २५ न्यूटन-मीटर झाले.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं हवं. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट बहुधा ४.६ च्या ताकदीचा, तो एम ८ असून दहा-अकराच्या पुढे ताणला की कायमचा लांबतो. पुण्यात बोहरी आळीत ग्रेडचे बोल्ट नगावर मिळतात, फरक पाच-दहा रुपयांचा असतो, तरी किटमधलेच बोल्ट वापरले जातात. स्टेनलेसचा मोह असेल तर लक्षात ठेवा: स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा आवळला की आटे एकमेकांत चिकटतात आणि मग करवतच लागते. ग्रीस लावा आणि जोर कमी द्या. या कामाला जस्ताचा मुलामा दिलेला ८.८ पुरेसा आहे.

सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे घालायचे. मग फ्रेमकडचा जाड सांधा, मग फुटरेस्टकडचा, शेवटी मडगार्ड. दोन फेऱ्यांत. पहिल्या ५० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा पाहायचं (लॉकटाइट लावलेल्यांना फक्त नजरेने, पाना लावून तोडू नका), मग ३०० ला.

नट घट्ट, रेघ नीट, तरी आवाज

वेल्ड पाहा. पाइप जिथे पट्टीला जोडला आहे तिथे वेल्डच्या अगदी कडेला, केसासारखी रेघ. रंगाखाली दिसत नसेल तर केरोसीन लावा, वरून पुसून घ्या आणि खडूची पूड लावा, तड्यातून केरोसीन वर येऊन रेघ ओली दिसते. तडा असेल तर वरून नुसतं वेल्ड मारून उपयोग नाही. टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, तडा ग्राइंडरने उघडा, मग भरा, आणि कोपऱ्यात ३ मिमी पत्र्याचा त्रिकोण द्या. स्टे गाडीवरून काढूनच. नाइलाजाने गाडीवरच वेल्डिंग करावं लागलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. फ्रेमवर वेल्ड कुणी सुचवलं तर गाडी घेऊन निघा.

वेल्ड ठीक असेल तर भोक पाहा. सैल चालवलेल्या स्टेचं भोक अंड्यासारखं लांबतं, मग कितीही आवळा. भोक मोठं करून एम १० घालण्यापेक्षा वेल्ड भरून पुन्हा ८.५ मिमी पाडणं बरं, कारण गाडीकडचं भोक एम ८ चंच आहे.

कधी कधी आवाज बॅगेतल्या डब्याचा असतो. आधी तो काढून पाहा.

बोल्टच तुटला

तुटलेला तुकडा टाकू नका, तोंड पाहा. बहुतेक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या कमानी आणि एका कडेला खडबडीत पट्टा, असं दिसलं तर बोल्ट थकून तुटला आहे: सैल असताना हजारो वेळा वाकून. जाड किंवा १२.९ चा बोल्ट हे त्याचं उत्तर नाही, तोही तसाच जाईल. वरचं सगळं पुन्हा तपासा. पूर्ण तोंड खडबडीत आणि मान बारीक झालेली असेल तर जास्त आवळला होता.

आटे गेले असतील तर एम ८ × १.२५ चं हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे), ८.३ मिमीचं ड्रिल. ॲल्युमिनियममध्ये हे मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं.

उजवी बाजू आणि साडी गार्ड

क्लासिकला सायलेन्सर उजवीकडे. भरलेली बॅग गाडी दाबली जाताना आत झुकते, म्हणून रिकाम्या बॅगेचं अंतर मोजू नका. भरून, दोघं बसून, ५० मिमी राहिलं पाहिजे. नायलॉन सुमारे २२० अंशांना वितळतं, पण त्यावरचं आतलं पीव्हीसी अस्तर बरंच आधी मऊ पडून चिकटतं. उष्णतारोधक पत्रा लावाल तर सायलेन्सरला चिकटून नको, मध्ये हवा खेळू द्या. बॅगेच्या पट्ट्यांची लोंबती टोकं मात्र दोन्ही बाजूंनी बांधा किंवा कापून जाळा. मागच्या चाकात पट्टी गेली तर नट घट्ट असून काही उपयोग नाही.

डावीकडे जागा करायला साडी गार्ड काढून फेकला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारं संरक्षण मागतो, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. स्टे त्या गार्डच्या बाहेरून घेतला तर बॅग दोन-तीन सेंटीमीटर बाहेर जाते. तो हिशोब वरच्या पिळात धरा आणि त्या बाजूला वजन कमी ठेवा. पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारं उजव्या बॅगेत तळाला, कपडे डाव्या बॅगेत. एका बाजूला आठ किलोच्या वर न गेलेलं बरं.